जकातीची शिडी आणि कोळंबी सोलणारे हात

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



मुंबईच्या ससून डॉकवर भल्या पहाटे बोटी लागतात. १८७५ साली सुरू झालेल्या या गोदीत मासळीचा लिलाव आटोपतो न आटोपतो तोच बायकांचे वेगळे काम सुरू होते. ओल्या फरशीवर ओळीने बसून त्या कोळंबी सोलतात. डोके मोडायचे, कवच काढायचे, पाठीतला काळा दोरा ओढायचा आणि गर बर्फाच्या पाण्यात टाकायचा. मजुरी तासावर नसते. सोललेल्या मालावर असते. अशा हातांतून गेलेली कोळंबी पुढे शीतगृहात जाते, आणि तिच्यातला चांगला भाग परदेशच्या वाटेला लागतो. सोलणारीला ब्रुसेल्स हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि ब्रुसेल्समध्ये बसून जकातीचे वेळापत्रक तयार करणाऱ्यांना ससून डॉक ठाऊक नसते. तरीही त्या वेळापत्रकाचा आणि या फरशीवरच्या मजुरीचा संबंध आहे. तो कसा येतो, आणि तो तोडण्याचे वा बदलण्याचे सामर्थ्य कोणाच्या हाती आहे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम जकातीची रचना पाहू. जगातील बहुतेक देश १९८८ पासून व्यापारी मालाचे वर्गीकरण एकाच सामाईक सूचीनुसार करतात. या सूचीच्या तिसऱ्या अध्यायात ताजी, बर्फातली, गोठवलेली, सुकवलेली, खारवलेली आणि धुरावलेली मासळी येते. थोडक्यात, जिच्यावर प्रक्रिया फारशी झालेली नाही अशी. शिजवून तयार केलेली, मसाला लावलेली, डबाबंद केलेली मासळी सोळाव्या अध्यायात जाते. ही सीमारेषा किती बारीक आहे हे कोळंबीवरूनच दिसते. कोळंबी कवचासकट पाण्यात उकडली तर ती तिसऱ्याच अध्यायात राहते. कच्ची सोलली तरीही तिसऱ्यातच राहते. पण उकडून सोलली की ती सोळाव्या अध्यायात गेली. मासा तोच, समुद्र तोच. मानवी श्रमाचा एक हात अधिक फिरला, एवढाच फरक. मात्र तेवढ्याने जकात बदलते. युरोपीय संघाचा सामान्य दर गोठवलेल्या कोळंबीवर १२ टक्के, तर सोळाव्या अध्यायातील कोळंबीवर २० टक्के असा राहिला आहे. विकसनशील देशांसाठीच्या सवलत योजनेत हेच दर भारताला अनुक्रमे ४.२ आणि ७ टक्के लावले गेले. सवलत मिळाली खरी, परंतु पायऱ्या तशाच राहिल्या. जसजसा माल प्रक्रियेच्या वरच्या टप्प्याकडे जातो तसतशी जकात चढत जाते. हीच जकातीची शिडी.

वरवर पाहता ७ टक्के म्हणजे फार नव्हे असे वाटेल. येथे थोडा हिशेब करायला हवा. समजा, तयार कोळंबीची जागतिक किंमत १०० रुपये आहे. त्यात कच्च्या कोळंबीचे ८० आणि प्रक्रियेचे, म्हणजे शिजवण्या-सोलण्याचे, मजुरीचे, यंत्रांचे व नफ्याचे २० रुपये. युरोपातील कारखानदाराने कच्ची कोळंबी १२ टक्के जकात भरून आणली तर त्याला ती ८९ रुपये ६० पैशांना पडेल. तयार मालावर २० टक्के जकात असल्याने त्याच्या मालाला बाजारात १२० रुपये मिळू शकतील. म्हणजे जे काम आपल्याकडचा कारखाना २० रुपयांत करतो त्यासाठी त्याला ३० रुपये ४० पैसे खर्च करण्याची मुभा मिळाली. २० टक्के दिसणाऱ्या जकातीने त्याच्या प्रक्रियेला प्रत्यक्षात ५२ टक्के संरक्षण दिले. सवलतीचे दर घेऊन हाच हिशेब केला तर ७ टक्क्यांच्या आड १८ टक्क्यांहून अधिक संरक्षण दडलेले आढळते. शिवाय युरोपातील प्रक्रिया उद्योगाला कच्चा माल कमी पडू नये म्हणून काही मासळी ठराविक प्रमाणात कमी जकातीने वा जकातीविना आत घेण्याची तरतूदही तेथे आहे. अट एवढीच, की पुढची प्रक्रिया तेथे व्हावी. कच्च्या मालाला दार उघडे आणि श्रमाला दार बंद, असा हा न्याय आहे.

या देशाला ही गोष्ट नवी नाही. कापूस येथून जावा आणि कापड लँकेशायरहून यावे, ही व्यवस्था टिकवण्यासाठी ब्रिटिश सरकारने १८९६ साली भारतीय गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला. आयात कापडावरही साडेतीन टक्केच जकात होती. म्हणजे देशी गिरणीला घरच्या बाजारातही एका पैशाचा आधार मिळू नये असा बंदोबस्त. तो कर जाण्यास १९२५ चा डिसेंबर उजाडावा लागला. आज परकीय सत्ता नाही. हुकूम नाही, वेळापत्रक आहे. तथापि कच्चा माल तुमचा आणि प्रक्रिया आमची, ही श्रमविभागणी दोन्हींच्या मुळाशी सारखीच आहे.

ही शिडी केवळ गरीब देशांसाठीच उभी केलेली आहे असे मानणे मात्र चूक ठरेल. नॉर्वे हा जगातील अत्यंत श्रीमंत देश. तेथील मतदारांनी १९७२ मध्ये आणि पुन्हा १९९४ मध्ये युरोपीय संघटनेत जाण्यास नकार दिला, आणि त्या नकारामागे मासेमारीच्या हक्कांचा प्रश्न हे एक मोठे कारण होते. या देशाचा सामन मासा युरोपात अख्खा गेला तर २ टक्के जकात पडते. तोच धुरावून पाठवला तर १३ टक्के. परिणाम असा, की नॉर्वेचा सामन अख्खाच सीमेपलीकडे जातो आणि त्याला धुरी देण्याचे काम पोलंड व डेन्मार्कमधील कारखान्यांत होते. किनाऱ्यावरच्या गावांतील जे रोजगार व्हायचे ते तिकडे झाले. नॉर्वेसारख्या देशाची ही कथा, तर आंध्र आणि कोकणची काय सांगावी? रत्नागिरीच्या कारखान्यांत राणी माशाच्या गराचे सुरीमी होते, म्हणजे धुऊन, वाटून, गोठवलेल्या लाद्या. त्या बाहेर जातात, आणि त्यांतून खेकड्याच्या चवीच्या कांड्या व अन्य पदार्थ बव्हंशी परदेशांत बनतात. असे तयार पदार्थ अलीकडे येथेही होऊ लागले आहेत. परंतु शिडीच्या प्रत्येक पायरीवर त्यांना अधिक भाडे द्यावे लागते.

या अन्यायाविरुद्ध विकसनशील देश बोलले नाहीत असे नाही. राऊल प्रेबिश यांच्या पुढाकाराने १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची व्यापार व विकास परिषद स्थापन झाली, आणि तिच्या १९६८ च्या नवी दिल्लीतील अधिवेशनातच गरीब देशांच्या तयार मालाला जकातीत सवलत देण्याचे तत्त्व मान्य झाले. सवलत ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते, हक्क नसते, हे त्या योजनेचे वैगुण्य होते. देणारा ती काढून घेऊ शकतो. शेजाऱ्याला अधिक देऊन तिचे मोल घटवू शकतो. व्हिएतनामचा युरोपशी करार २०२० मध्ये अंमलात आला आणि तेथील कोळंबी जकातमुक्तीच्या वाटेला लागली; एक्वादोरची आधीच लागली होती. भारताची सवलत कागदावर तेवढीच राहिली, पण बाजारात ती लहान झाली.

अमेरिकेची रीत वेगळी. तेथे गोठवलेल्या कोळंबीवर सामान्य जकात नाही. म्हणूनच भारताची कोळंबी तिकडे वळली. २०२४-२५ मध्ये भारताने सुमारे ७.४५ अब्ज डॉलरची सागरी उत्पादने निर्यात केली. त्यातील दोन-तृतीयांशाहून अधिक मूल्य एकट्या गोठवलेल्या कोळंबीचे होते, आणि तिचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका. एकच माल आणि एकच गिऱ्हाईक, अशी स्थिती असली की गिऱ्हाइकाच्या लहरीला कायद्याचे बळ येते. २००५ मध्ये भारतासह सहा देशांच्या कोळंबीवर अमेरिकेने स्वस्त विक्रीच्या आरोपावरून विशेष जकात बसवली; भारतीय निर्यातदारांवर ती सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास होती. त्या काळी २००० सालच्या एका कायद्यान्वये अशी वसूल झालेली रक्कम तक्रार करणाऱ्या अमेरिकन उद्योगांनाच वाटून दिली जात असे! फिर्यादीच्याच खिशात दंड जावा, असा हा न्याय. जागतिक व्यापार संघटनेने २००३ मध्ये तो नियमबाह्य ठरवला आणि २००६ मध्ये अमेरिकेने तो रद्द करण्याचा कायदा केला. विशेष जकात मात्र उरली. २०२४ मध्ये सरकारी अनुदानाच्या आरोपावरून ५.७७ टक्क्यांची आणखी एक भर पडली. आणि २७ ऑगस्ट २०२५ पासून रशियन तेलाच्या खरेदीचे निमित्त करून भारतीय मालावरील वाढीव जकात ५० टक्क्यांवर नेण्यात आली. कोळंबीचा आणि तेलाचा संबंध काय, हा प्रश्न विचारण्यातही अर्थ नव्हता. असे दर आज चढतील, उद्या उतरतील. परंतु ज्या क्षणी ते चढतात त्याच क्षणी त्यांचा भार खाली सरकतो, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. २०२५ मध्ये जकातवाढीच्या घोषणा झाल्या आणि आंध्रच्या तळ्यांवर कोळंबी उत्पादकांना मिळणारा भाव लागलीच घसरला. माल अजून बोटीतही चढला नव्हता.

जकातीखेरीज दुसरे दार अटींचे. ऑगस्ट १९९७ मध्ये युरोपीय संघाने स्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मासळीची आयात बंद केली आणि वर्षअखेरीस फक्त मान्यता मिळालेल्या कारखान्यांपुरती ती खुली केली. २०१६ मध्ये भारतातून येणाऱ्या तळ्यातल्या कोळंबीच्या तपासणीचे प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले. समुद्री कासवांच्या रक्षणासाठी अमेरिकेने १९८९ मध्ये कायदा केला. जाळ्यात कासवाला निसटण्याची सोय नसेल तर त्या देशाची समुद्रात पकडलेली कोळंबी घ्यायची नाही, असा त्याचा आशय. भारताने इतर तीन देशांसह त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. १९९८ च्या निर्णयात कासवांच्या रक्षणाचा हेतू मान्य झाला. तो अंमलात आणण्याची पक्षपाती रीत अमान्य झाली. पुढे २०१९ मध्ये हाच कायदा लावून भारताच्या समुद्री कोळंबीला अमेरिकेने दार बंद केले.

या अटींविषयी बोलताना डाव्या कार्यकर्त्याने एक सावधगिरी बाळगायला हवी. प्रत्येक अट हा साम्राज्यवादी कट आहे असे म्हणणे सोपे आहे, आणि निर्यातदारांना ते फार सोयीचेही आहे. औषधांचे अवशेष असलेली कोळंबी युरोपातल्या कामगाराच्या मुलाने खावी असे कोणी म्हणणार नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर गावकरी ज्या कासवांची अंडी राखतात, तीच कासवे ट्रॉलच्या जाळ्यात गुदमरून मरावीत असेही कोणी म्हणणार नाही. अट योग्य की अयोग्य, हा एक प्रश्न झाला. अट पाळण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा दुसरा. आणि आपल्याकडे तो कधी विचारलाच गेला नाही. १९९७ नंतर मोठ्या कारखान्यांनी फरश्या घातल्या, शीतयंत्रे बसवली, प्रयोगशाळा उभ्या केल्या, आणि मान्यता मिळवली. ज्या बायका घराच्या पडवीत वा गावातल्या शेडमध्ये कोळंबी सोलून चार पैसे मिळवत होत्या त्यांच्यासाठी कोणी फरशी घातली नाही. काम त्यांच्या हातून निघून कारखान्याच्या आत गेले, आणि तेथे दुरून आणलेल्या मुली बसवल्या गेल्या. १९९० च्या दशकात केरळच्या तरुण मुली वेरावळपासून महाराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंतच्या कारखान्यांत कंत्राटदारामार्फत जात; राहण्याची सोय कारखान्याच्या आवारातच, कामाचे तास मालाच्या आवकेवर. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा तेव्हा होता. त्याची ओळख मात्र त्या मुलींना कोणी करून दिली नाही.

येथे पुन्हा नॉर्वेकडे वळणे उचित ठरेल, कारण भारताच्या कोळंबीच्या इतिहासात त्या देशाचा वाटा मोठा आहे. १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला आणि केरळच्या कोल्लमजवळील नींदकरा-शक्तिकुळंगरा या मच्छिमार गावांत एक प्रकल्प सुरू झाला. हेतू उदात्त होता. मच्छिमारांचे जीवनमान उंचवावे, त्यांना चांगली मासळी आणि आरोग्य मिळावे. यांत्रिक बोटी आल्या, बर्फाचा कारखाना आला, दवाखाना आला. पण त्याच सुमारास गोठवलेल्या कोळंबीला परदेशात भाव येऊ लागला, आणि पाहता पाहता प्रकल्पाचे तोंड गावाकडून परदेशी बाजाराकडे वळले. अर्थशास्त्रज्ञ जॉन कुरियन यांनी या परिवर्तनाचा अभ्यास १९८५ मध्ये मांडला. ट्रॉलर वाढले, त्यांचे मालक बहुधा किनाऱ्याबाहेरचे, आणि साध्या होडीवाल्याच्या वाट्याला रिकामे जाळे आले. केरळातील संघर्ष आणि गोव्यातील रापणकारांचे सत्तरच्या दशकातील आंदोलन याच प्रवाहातून निघाले.

आता एक गोष्ट पाहावी. ज्या नॉर्वेने ही यंत्रे दिली त्या नॉर्वेतही एके काळी मच्छिमार व्यापाऱ्याच्या मुठीत होता. मासा नाशवंत, व्यापारी देईल तो भाव घ्यायचा, नाही तर समुद्रात फेकायचा. तिसाव्या दशकाच्या मंदीत तेथील मच्छिमारांनी संघटना बांधल्या आणि १९३८ मध्ये कच्च्या मासळीचा कायदा करवून घेतला. समुद्रात पकडलेल्या मासळीची पहिली विक्री मच्छिमारांच्या स्वतःच्या विक्रीसंघामार्फतच व्हावी आणि किमान भाव ठरवण्याचा अधिकार त्या संघाला असावा, हे त्या कायद्याचे सार. २०१३ मध्ये त्या जागी नवा कायदा आला, परंतु तत्त्व तेच राहिले. त्यामुळे युरोपने जकात वाढवो वा घटवो, तो भार सगळ्यांत आधी होडीतल्या माणसावर ढकलून देता येत नाही. व्यापाऱ्याला किमान भावाच्या वरच आपला हिशेब करावा लागतो.

भारतात नॉर्वेच्या बोटी आल्या, नॉर्वेचे बर्फ आले. नॉर्वेचा कायदा आला नाही. १९७२ मध्ये सरकारने सागरी उत्पादनांच्या निर्यातीचा विकास करण्यासाठी प्राधिकरण स्थापन केले. निर्यात विकसित झाली, परकीय चलन आले. मासळीच्या पहिल्या विक्रीचा भाव आणि सोलणीची मजुरी यांचा विकास करणारे प्राधिकरण मात्र झाले नाही. म्हणूनच परदेशात जकात वाढली की निर्यातदार दलालाला कमी देतो, दलाल तळेवाल्याला वा तांडेलाला कमी देतो, आणि शेवटी सोलणारीच्या मजुरीत कपात होते. जकात उतरली तर ती उतरण याच साखळीने खाली पोचते का? तसा अनुभव नाही. भार खाली वाहतो. लाभ वरच्या वर जिरतो.

हे ध्यानात घेतले म्हणजे अलीकडच्या व्यापार करारांकडे पाहण्याची दृष्टी मिळते. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी करार झाला. त्यात भारतीय कोळंबीवरील जकात शून्यावर आणण्याचे ठरले. जानेवारी २०२६ मध्ये युरोपीय संघाशी वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा झाली. शिडीच्या पायऱ्या तुटत असतील तर त्याचे स्वागतच करावे. जकात उतरल्यावर अटींचे दार तसेच राहते, हे मात्र विसरू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, उतरलेली जकात कोणाच्या पदरात पडणार, याविषयी अशा करारांत एक अक्षर नसते. ते अक्षर देशातल्या कायद्यात लिहावे लागते, आणि ते लिहिण्यापासून कोणत्याही परकीय सत्तेने आपल्याला अडवलेले नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मजुरी आणि पहिल्या विक्रीचा भाव वाढवला तर माल महाग होईल आणि एक्वादोर, व्हिएतनाम बाजार घेऊन जातील, असा तो आक्षेप. त्यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. स्पर्धा खरी आहे. परंतु सर्वांत गरीब बाईची मजुरी कापून जिंकलेली स्पर्धा किती दिवस टिकते? ज्याच्याकडे त्याहून स्वस्त बाई आहे तो ती हिरावून नेतो. बर्फाअभावी बंदरावरच नासणारी मासळी, परत आलेले कंटेनर, एकाच देशावर विसंबण्याची सवय, यांत होणारे नुकसान वाचवले तर मजुरीला पैसा कमी पडणार नाही. ते वाचवण्याचे काम मजुराचे नाही. सरकारचे आणि उद्योगाचे आहे.

तेव्हा मागण्या कोणत्या असाव्यात? पहिली, वाटाघाटींत तयार मासळीला कच्च्या मासळीच्या बरोबरीने वागणूक मिळावी, असा आग्रह भारत सरकारने धरावा. केवळ गोठवलेल्या मालाची सवलत मिळवून समाधान मानू नये. दुसरी, बंदराबंदरावर सरकारी वा सहकारी खर्चाने बर्फ, स्वच्छ पाणी, सोलणीच्या मान्यताप्राप्त शेड आणि तपासणीची सोय व्हावी, म्हणजे अटी पाळण्याची ऐपत फक्त मोठ्या कारखान्यांची राहणार नाही. तिसरी, कच्च्या मासळीच्या पहिल्या विक्रीत मच्छिमार सहकारी संस्थांना किमान भाव ठरवण्याचा कायदेशीर अधिकार द्यावा. चौथी मागणी तातडीची आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे जाऊन श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतील अनेक गोष्टींना आपला विरोध आहे; परंतु नगावर काम करणाऱ्यांसाठी किमान दर ठरवण्याची तरतूद वेतनसंहितेत आहे. कोळंबी सोलण्याचा किलोमागे किमान दर राज्य सरकारने जाहीर करावा, आणि तो दर फलकावर लिहून प्रत्येक शेडमध्ये लावावा.

शेवटच्या मागणीसाठी ब्रुसेल्सला वा वॉशिंग्टनला जावे लागत नाही. कार्यकर्त्यांनी आपापल्या बंदरावर पहाटे जावे, आज सोलणीला काय दर मिळाला आणि गेल्या वर्षी काय मिळत होता, हे बायकांना विचारून वहीत उतरवावे. अशा वह्या ससून डॉकपासून मिरकरवाड्यापर्यंत भरल्या म्हणजे कामगार आयुक्तांसमोर ठेवण्यास पुरावा तयार होईल. जकातीच्या प्रश्नावरील लढ्याची सुरुवात त्या वहीपासून करावी.